पुसणीचा सातवा नियम

१

छापखान्यात तिला सगळे चुकाबाई म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण जिन्यात उभं राहून अशा बेताने म्हणायचे की वर तिच्या टेबलापर्यंत ऐकू जावं. तिला त्याचं काही वाटत नसे. चोवीस वर्षं लोकांच्या चुका वेचून पोट भरलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? औषधाच्या बाटलीवर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ दिसला तर ती आधी पेन शोधायची, मग औषध घ्यायची. लग्नपत्रिका आली की आधी दुरुस्त व्हायची आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरायचं.

तिची खोली पहिल्या मजल्यावर होती. एक टेबल, एक दिवा, रस्त्याकडे उघडणारी खिडकी. खाली छपाईचं यंत्र सुरू झालं की टेबलावरची काच बारीक थरथरायची, आणि ते थांबलं की बाई मान वर करायची. मान वर केली की समोर, रस्त्याच्या पलीकडे, धाकट्याचं चष्म्याचं दुकान दिसायचं.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तो सहा वर्षांचा आणि ती सोळाची असताना घरातली मोठी माणसं एका वर्षात गेली, आणि हिने त्याला वाढवलं. वाढवलं म्हणजे काय, शाळेच्या वहीत पालकांची सही करण्यापासून तापात उशाशी बसण्यापर्यंत सगळं. त्या भरात तिचं लग्न राहून गेलं. त्याचंही राहिलं. "तू माझ्या बायकोची पत्रंसुद्धा लाल करून परत देशील," असं तो म्हणायचा, आणि त्यात फार खोटं नव्हतं. दोन खोल्यांत दोघं राहायची, आणि एकमेकांशिवाय दोघांना जगात कोणी नव्हतं, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं.

एक वाजला की तो दुकानाचं शटर अर्धं ओढून रस्ता ओलांडायचा. जिन्यातून त्याची हाक आधी यायची आणि तो मागून. मग दोघं एका डब्यात जेवायची, आणि अर्धा तास त्याची बडबड चालायची. बाई त्याला रोज म्हणायची, जरा गप्प बसून जेव. आणि एखाद्या दिवशी तो खरंच गप्प बसला, तर तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

२

त्या वर्षी गावातल्या क्लबला शंभर वर्षं झाली, आणि क्लबने एक पुस्तक छापायला दिलं. 'पुसणी' नावाच्या खेळाचा इतिहास. लिहिणारे होते क्लबचे जुने मार्कर, म्हणजे बिलियर्डच्या टेबलाशेजारी पाटी घेऊन उभं राहायचं आणि गुण मांडायचे, हे ज्यांनी जन्मभर केलं ते. वय ऐंशीच्या पुढे. चारशे पानं हाताने लिहिलेली, अक्षर मात्र पाटीवरच्यासारखं सुटं आणि ठसठशीत. टायपिंगवाल्याने ती टाइप करून दिली आणि तपासायला चुकाबाईच्या टेबलावर येऊन पडली.

पुसणीचं नाव चुकाबाईने कधी ऐकलं नव्हतं, आणि तेच तिला विचित्र वाटलं. कारण पुस्तकात लिहिल्याप्रमाणे साठ-सत्तर वर्षांपूर्वी या खेळाने लोकांना खुळं केलं होतं. क्लबात पुसणी, हॉटेलात पुसणी, न्हाव्याच्या दुकानामागच्या खोलीतसुद्धा पुसणीचं टेबल. टेबलं बनवणारे सुतार दोन-दोन वर्षांचे वायदे करायचे. वर्तमानपत्रात रोज पुसणीचा रकाना यायचा. मऊ तळव्याचे 'पुसणी बूट' निघाले होते. एका न्यायाधीशाने म्हणे खटला मध्येच तहकूब केला होता, कारण त्याची पाळी आली होती.

खेळ तसा सोपा होता. प्रत्येकाचा एका रंगाचा एक बॉल, आणि पाटीवर नावापुढे खडूच्या तीन रेघा. त्या रेघा म्हणजे त्याचे तीन जीव. आपल्या आधी जो खेळला त्याचा बॉल पॉकेटमध्ये घालायचा. बॉल गेला की ज्याचा गेला त्याची एक रेघ मार्कर पुसणार. म्हणून पुसणी. शेवटी ज्याची एखादी तरी रेघ शिल्लक राहील तो जिंकला.

एवढा गाजलेला खेळ आठ-नऊ वर्षांत नाहीसा झाला. बंदी नाही, भांडण नाही, दुसऱ्या खेळाने मागे टाकलं असंही नाही. शेवटच्या प्रकरणाचं नाव 'मग काय झालं' असं होतं आणि ते जेमतेम दीड पानाचं होतं. त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'मग खेळणारे राहिले नाहीत.'

चुकाबाईने समासात विचारलं, 'राहिले नाहीत म्हणजे वारले, की खेळ सोडून गेले? स्पष्ट करावे.'

लेखकाकडून पान परत आलं. तिच्या प्रश्नाखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'दोन्ही नाही.'

म्हातारपणी माणसं अशी कोड्यात बोलतात, असं म्हणून तिने पान उलटलं.

३

पुढे नियमांचं प्रकरण होतं. पहिला, दुसरा, असं करत सहावा झाला, आणि त्याच्यापुढे एकदम आठवा.

बाईच्या हातातलं पेन थांबलं. आठवा नियम असा होता: 'खेळ संपल्यावर बॉल मोजून पेटीत ठेवावेत. खेळाडूंपेक्षा एखादा जास्त भरल्यास त्याबद्दल चर्चा करू नये.'

जास्त कसा भरेल? जितके खेळाडू तितके बॉल, हे तर पहिल्याच नियमात सांगितलं होतं. मधला नियम वाचल्याशिवाय याचा अर्थ लागणार नाही, हे उघड होतं. तिने हाताने लिहिलेली पानं काढली. सातवा नियम तिथे होता. त्याच्यावरून एक आडवी रेघ गेली होती, म्हणून टायपिंगवाल्याने तो सोडून दिला होता.

आता इथे चुकाबाईची जात आड आली. तिच्या धंद्यात शब्द काढायचा तर दोन गोष्टी कराव्या लागतात. शब्दावर रेघ मारायची आणि समासात काढल्याची खूण करायची. नुसती रेघ असली आणि समास कोरा असला, तर ती दुरुस्ती धरत नाहीत. पेन घसरलं असेल, कोणी अधोरेखित करायला गेलं असेल, काहीही असेल. समासात खूण नाही म्हणजे मजकूर राहणार, हा दंडक तिने चोवीस वर्षं पाळला होता. शिवाय आठव्या नियमाचा उल्लेख पुस्तकात एकोणीस ठिकाणी होता. आठव्याला सातवा करायचं तर ती एकोणीस पानं पुन्हा उघडावी लागली असती.

मार्करकाकांना विचारावं म्हटलं तर त्यांच्याकडे फोन नव्हता. तिने क्लबच्या सेक्रेटरींना फोन केला. सेक्रेटरी घाईचा माणूस.

"अहो बाई, घाला ना. रविवारी आम्ही प्रत्यक्ष खेळून दाखवणार आहोत, साठ वर्षांनी. नियम पुरे नकोत का?"

दुपारी डबा उघडताना तिने धाकट्याला हे सांगितलं. तो हसत सुटला.

"तुला गाळलेलं दिसलं की तुझा जीव खालीवर होतो. म्हाताऱ्याने नको म्हणून खोडलं असेल."

"खोडलं नाहीये. नुसती रेघ आहे."

"बरं बाई, नुसती रेघ. वाच तरी काय आहे ते."

तिने वाचून दाखवलं. "ज्याचा तिसरा जीव जाईल त्याचे नाव मार्करने पाटीवरून पुसावे. त्या वेळी बाकी सर्वांनी टेबलाकडे पाठ करावी. मार्करने विचारावे, कोण होते? सर्वांनी सांगावे, कोणी नाही. मग खेळ पुढे चालू."

"छान आहे की. रडीचा डाव खेळणाऱ्यांना बरा धडा." त्याने बोटं चाटली. "माझं नाव दिलंय मी रविवारी. एक गडी कमी पडत होता. पिवळा बॉल मिळालाय."

"तुला येतं का खेळायला?"

"येत नाही म्हणूनच घेतलंय. कोणीतरी आधी बाद व्हायला नको का?"

जेवण झाल्यावर बाईने सातवा नियम जागच्या जागी घातला. अंक नीट ओळीने लागले. पाच, सहा, सात, आठ. तिला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाज तिला पुढे चार-पाच दिवस पुरली. त्यानंतर तीही उरली नाही.

४

गुरुवारी पुस्तकातली छायाचित्रं आली. एक पानभर होतं. जुन्या पुसणी-मंडळाचे सभासद टेबलासमोर ओळीने उभे. क्लबात माणसाला नावाने नाही, धंद्याने हाक मारायची रीत होती, म्हणून खाली तसंच लिहिलं होतं: डावीकडून डॉक्टर, वखारवाले, मास्तर, घड्याळजी, पोस्टमास्तर, कंत्राटदार, वैद्य.

सात नावं, सात माणसं. बरोबर होतं. तरी तिची नजर पानावरून हलेना. चूक असली की तिला ती आधी जाणवायची आणि मग दिसायची, आणि आता जाणवत होतं पण दिसत नव्हतं.

मग दिसलं. माणसं सारख्या अंतरावर उभी नव्हती. मास्तर आणि घड्याळजी यांच्यात एका माणसाएवढी जागा रिकामी होती. पोस्टमास्तरांनंतर दोघांची. आता कोणी फोटोला उभं राहताना असं उभं राहतं का? राहतही असतील, ती स्वतःशी म्हणाली, जुन्या काळची माणसं, अवघडलेली. पण टोकाला उभ्या असलेल्या वैद्यांचा डावा हात खांद्याच्या उंचीवर उचललेला होता. बोटं किंचित वाकलेली, दोस्ताच्या खांद्यावर ठेवावीत तशी. हाताखाली खांदा नव्हता. मागचं टेबल दिसत होतं.

तिने भिंग घेतलं. भिंगातून टेबलाचं कापड आणखी स्पष्ट दिसलं, बाकी काही नाही.

त्याच वेळी जिन्यावर काठीचा आवाज झाला आणि मार्करकाका वर आले. तिने त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं, पण उजव्या हाताची खडूने पांढरी पडलेली नखं पाहून ओळखलं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ती पांढरीच होती. त्यांच्या हातात नियमांचं छापील पान होतं. सेक्रेटरींनी रविवारच्या सहाही खेळाडूंना ते वाटलं होतं.

"बाई, मी हा खोडला होता," ते म्हणाले.

"खोडला नव्हता काका. रेघ होती फक्त. समासात खूण नव्हती."

"एक रेघ पुरत नाही?"

"आमच्यात नाही पुरत."

म्हातारा खुर्चीत बसला. "आमच्यात पुरायची," तो म्हणाला.

तिने पाणी दिलं. ते त्यांनी नुसतं हातात धरून ठेवलं. मग तिने छायाचित्र पुढे सरकवलं आणि रिकाम्या जागांवर पेनाचं टोक ठेवलं. "इथे कोण होतं?"

ते छायाचित्रावर वाकले. एवढा म्हातारा माणूस, पण त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत उत्तर न आलेल्या पोराचे भाव होते.

"मी फक्त विचारायचो," ते म्हणाले. "उत्तर बाकीचे द्यायचे. मी नाही दिलं कधी. म्हणून जागा तरी दिसतात मला. चारशे पानं लिहिली बाई, वाटलं लिहिता लिहिता एखादं तोंड तरी परत येईल. टेबलं आली, बूट आले, न्यायाधीशसुद्धा आला. तोंड एकही आलं नाही."

चुकाबाई भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. म्हातारपणी विसर पडतो, विसराला माणूस कारणं शोधतो, हे तिला ठाऊक होतं. पण काका गेल्यावर तिने खिडकीतून खाली पाहिलं. समोर धाकटा कोणा म्हातारीच्या नाकावर चष्मा बसवून तिला आरसा दाखवत होता, आणि बाई तो पुन्हा गल्ल्यामागे जाईपर्यंत खिडकीतून हटली नाही.

घरी गेल्यावर ती म्हणाली, "रविवारी नको खेळूस."

"का?"

 कोणत्या तोंडाने सांगणार? "माझं ऐक म्हणून."

"सहाजण ठरलेत ताई. आयत्या वेळी नाही म्हटलं तर लोक शेण घालतील तोंडात." तिचा चेहरा पाहून तो जवळ आला. "तू येऊन बस ना तिथे. तू असलीस की माझी काय बिशाद हरायची."

५

रविवारी सकाळी दहाला क्लबाच्या मोठ्या खोलीत पन्नासेक माणसं जमली. उंच छत, लांब खिडक्या, बाहेर लख्ख ऊन. टेबलावर नवं हिरवं कापड ताणून बसवलं होतं आणि वरचे दिवे दिवसाही लावले होते, त्यामुळे कापडावर कोणाचीच सावली पडत नव्हती. भिंतीशी बाकं होती. चुकाबाई पहिल्या बाकावर बसली.

मार्करकाका पाटीजवळ उभे होते. नाही म्हणून सांगून पाहिलं असणार, पण शंभर वर्षांचा सोहळा, त्यांना ओढून आणलं होतं. पाटीवर सहा नावं लिहिली होती: डॉक्टर, वकील, सेक्रेटरी, इंजिनिअर, मास्तर, चष्मेवाले. प्रत्येकापुढे तीन रेघा.

खेळ सुरू झाला तसा बाईच्या मनावरचा भार उतरला. एवढ्या उजेडात, एवढ्या माणसांत काय होणार? खडूचा आवाज, बॉलवर बॉल आपटल्याचा टक् असा कोरडा आवाज, कोणाचं तरी खोकणं. धाकटा बॉल ढोसायची काठी, म्हणजे क्यू, झाडूसारखा धरत होता. त्याची पहिली रेघ पाचव्या मिनिटाला गेली. लोक हसले, त्याने वाकून नमस्कार केला. दुसरी रेघ डॉक्टरांनी घेतली. काका रेघ पुसताना पाटीला फडकं लागतंय न लागतंय असं पुसत होते, पण रेघ जात होती.

मग पिवळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला. डॉक्टरांनी तो नुसता ढकलला.

काकांनी फडकं खाली ठेवलं. "मी नाही विचारणार," ते म्हणाले.

खोलीत थोडी चुळबुळ झाली. सेक्रेटरींनी हसून छापील पान खिशातून काढलं, "परंपरा आहे काका," म्हणाले, आणि फडकं उचलून स्वतःच पाटीवरचं 'चष्मेवाले' पुसलं. मग पान वाचून त्यांनी सगळ्यांना टेबलाकडे पाठ करायला सांगितलं. बाकांवरची माणसंसुद्धा हसत हसत उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काकांनीही डोळे मिटून घेतले.

चुकाबाई वळली नाही. ती बसूनच राहिली आणि तिने भावाकडे डोळे रोखले.

तो टेबलापलीकडे उभा होता. सगळ्यांच्या पाठी पाहून त्याला गंमत वाटत होती. त्याने तिच्याकडे पाहून भुवई उडवली. ती हसली. आणि हसता हसता तिच्या मनात अगदी सहज आलं, की हा गृहस्थ बरा दिसतोय, चाळिशीचा असेल, कोण आहे बरं, आणि माझ्याकडे पाहून का हसतोय?

एवढंच. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडायला लागतो तेवढा वेळ. त्याने तिचा चेहरा पाहिला, आणि त्याचं हसू उतरलं. तिने आपल्याला ओळखलं नाही हे त्याला कळलं, ते तिने पाहिलं.

मग तिला आठवलं. अंगावर बर्फाचं पाणी पडावं तसं सगळं एकदम आठवलं, आणि ती ताडकन उभी राहिली. टेबलापलीकडे उन्हाची पट्टी होती. क्यू टेबलाला टेकून उभा होता आणि हळूहळू घसरत होता.

"कोण होतं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कोणी नाही," पन्नास माणसं भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

क्यू जमिनीवर पडला.

६

ती त्यांच्यात बोलली नाही. एवढी एक गोष्ट तिने सांभाळली.

सेक्रेटरी म्हणाले, "सहावे? बाई, पाचच होतो आम्ही." पाटीवर पाच नावं होती. पेटीत बॉल ठेवताना मास्तरांच्या हातात पिवळा आला. त्यांनी तो जरा वेळ पाहिला, पेटीत टाकला आणि कोणी काही बोललं नाही.

ती चालत दुकानापाशी गेली. शटर खाली होतं, कुलुपावर गंज होता. शेजारचा शिंपी म्हणाला, "हा गाळा ना? मी आलो तेव्हापासून रिकामा आहे." घरी आतल्या खोलीत एक खाट उभी करून ठेवली होती आणि तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं होती. तिने खाट आडवी केली, चाचपली, हुंगली. धुळीचा वास आला. ती त्या खाटेवर बसून मोठ्याने रडली. हाक मारायला नाव होतं तिच्याकडे, त्याचा चेहरा होता, सहाव्या वर्षीचा पडलेला दात होता. सगळं शाबूत होतं. ते शाबूत होतं म्हणूनच ते इतकं दुखत होतं.

तिने पुन्हा क्लब गाठला. मार्करकाका पायऱ्यांवर एकटे बसले होते.

"तुम्ही बोलला नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. आणि पाठही फिरवली नाही."

"मग तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असेल. लिहून ठेवा. आत्ता, इथेच. मी उशीर केला. मी साठ वर्षांनी लिहायला बसलो."

तिने पर्समधून कागद काढला आणि पायरीवर बसून लिहिलं. पाठपोट लिहिलं. कसा चालायचा, कसा जेवायचा, तापात काय बडबडायचा, कोणत्या विनोदाला स्वतःच आधी हसायचा, डोळे तपासताना तिला भिंतीवरच्या तक्त्यातली खालची ओळ आधीच कशी सांगून टाकायचा. एकही स्वल्पविराम न पाहता लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

७

सोमवारी सकाळी छापखान्यात येऊन तिने पहिल्यांदा तो कागद काढला. वाचला. त्यातल्या दोन वेलांट्या चुकल्या होत्या, त्या तिने नीट केल्या. हात आपोआपच गेला.

मंगळवारी वाचताना तिला वाटलं, 'माझा धाकटा भाऊ' हे शब्द सात वेळा आलेत. एकदा सांगितल्यावर वाचकाला कळतं. तिने सहा काढले. एका विनोदाला शेंडा-बुडखा नव्हता, तोही काढला. काढताना हसू आलं नाही, याचं तिला थोडं नवल वाटलं.

बुधवारी तिने एका ओळीपुढे प्रश्नचिन्ह केलं. 'सहा वर्षांच्या पोराला सोळा वर्षांच्या मुलीने वाढवलं' असं लिहिलं होतं. शक्य आहे, पण पडताळून घ्यायला हवं. कोणाला विचारायचं ते सुचेना. ज्याची खात्री करता येत नाही ते छापू नये, हा साधा नियम आहे. संध्याकाळपर्यंत ती ओळ गेली, आणि तिच्या आधाराने उभा असलेला अख्खा परिच्छेदही गेला.

तिला काही कळत नव्हतं असं नाही. बुधवारी घरी जाताना मध्येच रस्त्यात ती थबकली, तशीच धावत परत आली, कागद छातीशी धरून जिन्यात बसली आणि काढलेलं पुन्हा लिहायला गेली. पण काय काढलं होतं? रेघ इतकी गच्च मारली होती की खालचं वाचता येत नव्हतं. बाईचं काम नेहमीच स्वच्छ असायचं.

गुरुवारी मजकूर पुष्कळ आटोपशीर झाला होता. कोणी लिहिलाय कुणास ठाऊक, पण माणूस भावनेच्या भरात लिहीत गेलाय, असं तिचं मत झालं. तरी वाचताना बरं वाटत होतं. चार ओळी तिने ठेवल्या. दुपारी एक वाजता तिने त्यातल्या तीन काढल्या, कारण त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

शुक्रवारी कागदावर एक वाक्य होतं. 'जिना चढतानाच ताई म्हणून हाक मारायचा.'

वाक्य चांगलं होतं. चुकाबाईने ते दोनदा वाचलं, मग ओठ हलवून एकदा वाचलं. शुद्धलेखन ठीक, क्रियापद ठीक. पण कर्ता नव्हता. हाक मारायचा, पण कोण? कोणीतरी पुरुष, एवढंच क्रियापदावरून कळत होतं. लेखक घाईत कर्ता लिहायला विसरला असणार. असं पुष्कळदा होतं, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस इतका स्पष्ट उभा असतो की त्याचं नाव लिहायचं राहूनच जातं.

तिने समासात लिहिलं, 'कोण?'

आणि कागद लेखकांकडे परत जायच्या गठ्ठ्यात ठेवला. तेव्हा तिला रडू आलं. कशाचं ते कळेना. डोळे पुसून ती पुढच्या पानाला लागली, ते पानही तिला बराच वेळ दिसलं नाही.

शनिवारी दुपारपर्यंत लेखकाकडून उत्तर आलं नाही. मग तिने ते वाक्यही काढलं.